समृद्धीची मोजमापे आणि मराठवाडा : लातूर व नांदेड जिल्ह्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

बीजसंज्ञा : समृद्धी, आर्थिक वाढ, अनुशेष, मानव विकास, बचावात्मक खर्च, मराठवाडा.

प्रास्ताविक

महाराष्ट्राची अर्थव्यवस्था एक लाख कोटी डॉलरची करण्याचे उद्दिष्ट राज्य शासनाने जाहीर केल्यापासून जिल्हा हा नियोजनाचा घटक पुन्हा चर्चेत आला आहे. जिल्ह्याचे एकूण उत्पन्न किती, ते किती वेगाने वाढावे आणि त्यासाठी कोणती क्षेत्रे निवडावीत, या प्रश्नांभोवती जिल्हा विकास आराखड्यांची मांडणी फिरते. याच काळात नागपूर-मुंबई या ७०१ किलोमीटर लांबीच्या महामार्गाला ‘समृद्धी’ हे नाव मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये तो संपूर्ण खुला झाला आणि जालना-नांदेड जोडमार्गाच्या निमित्ताने ते नाव आता नांदेडपर्यंत येऊ घातले आहे. एका व्यापक अर्थाच्या शब्दाने रस्त्याचे विशेषनाम व्हावे, ही बाब वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु शब्द कोठे जाऊन स्थिरावतो, यावरून त्या काळाची धारणा कळते. समृद्धी म्हणजे वेग, वाहतूक आणि उलाढाल, ही आजची धारणा आहे.

प्रस्तुत लेखात या धारणेची चिकित्सा लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या अनुभवाच्या आधारे करावयाची आहे. राज्याच्या आर्थिक पाहणीत या दोन्ही जिल्ह्यांचे दरडोई उत्पन्न राज्याच्या सरासरीपेक्षा कमी असते. त्यामुळे वाढीवर टीका करण्याचा अधिकार या प्रदेशाला आहे काय, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो अप्रस्तुत म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर देणे हाच या लेखाचा हेतू आहे.

संकल्पनेचा मागोवा

‘समृद्धी’ या शब्दाच्या मुळाशी ‘ऋध्’ हा धातू आहे. वाढणे, भरभराटीस येणे, सफल होणे असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे वाढीची कल्पना या शब्दाला परकी नाही. तथापि मराठीने या अनुभवासाठी एकच शब्द ठेवला नाही. सुबत्ता, सुकाळ, भरभराट, बरकत या प्रत्येकाची छटा वेगळी. सुकाळ पावसाशी बांधलेला आहे. सुबत्तेत घरातील साठा अभिप्रेत आहे. बरकत म्हणजे आहे ते पुरणे. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ किंवा ‘बरकत’ म्हणण्याची रीत होती. मोजणीचा आरंभच एका न मोजता येणाऱ्या गोष्टीच्या उच्चाराने होत असे. हे सांगताना त्या खळ्याचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. ज्या खळ्यावर बरकतीचा उच्चार होई, त्याच खळ्याच्या कडेला बलुत्यासाठी तिष्ठणारी आणि पिकाची काढणी झाल्यावर सरवा वेचणारी माणसे उभी असत. जुन्या सुबत्तेच्या आठवणी बहुधा जमीनधारकांच्या आठवणी असतात, हे विसरून चालणार नाही.

आधुनिक अर्थशास्त्रातही उत्पन्नाच्या मापाविषयीची शंका नवी नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेचा पाया घालणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये अमेरिकी सिनेटला सादर केलेल्या अहवालात, या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचे अनुमान काढता येत नाही, असा इशारा दिला होता. १९९० मध्ये महबूब उल हक यांच्या पुढाकाराने मानव विकास अहवाल सुरू झाला. अमर्त्य सेन यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात विकास म्हणजे माणसाच्या स्वातंत्र्याचा विस्तार, अशी मांडणी केली. पुढे २००९ मध्ये स्टिग्लिट्झ, सेन आणि फितूसी यांच्या आयोगाने फ्रेंच शासनासाठी मोजमापांचा फेरविचार केला आणि त्याच वर्षी टिम जॅक्सन यांनी वाढीविना समृद्धी शक्य आहे काय, हा प्रश्न उघडपणे मांडला.

यांतील अखेरचा प्रश्न संपन्न देशांतून आलेला आहे. ज्यांची घरे भरली आहेत त्यांनी आता पुरे म्हणावे, हे योग्यच आहे. परंतु जळकोट किंवा किनवट तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला ‘पुरे’ म्हणण्याचा सल्ला देणे ही क्रूर थट्टा ठरेल. येथे वाढ हवी आहे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो जमाखर्चाचा. वाढीच्या वहीत जमेची बाजू नीट लिहिली जाते, खर्चाची बाजू कोरी राहते किंवा तीच जमेत धरली जाते. जे. सी. कुमारप्पा यांनी १९४० च्या दशकातच स्थायित्वाच्या अर्थव्यवस्थेचा विचार मांडताना, आपल्या आधाराचाच नाश करून जगणाऱ्या अर्थव्यवहाराला परोपजीवी म्हटले होते. मराठवाड्याच्या चर्चेत जॅक्सन यांच्यापेक्षा कुमारप्पा अधिक उपयोगी पडतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अनुशेषाची भाषा

मराठवाड्यातील विकासचर्चेची प्रमुख भाषा वाढीची नव्हती, ती अनुशेषाची होती. १९५३ चा नागपूर करार, संविधानाचे अनुच्छेद ३७१(२), १९८४ चा वि. म. दांडेकर समितीचा अहवाल, १९९४ मध्ये अस्तित्वात आलेली वैधानिक विकास मंडळे, त्यानंतरची निर्देशांक व अनुशेष समिती आणि २०१३ चा विजय केळकर समितीचा अहवाल, अशी ही परंपरा आहे. दांडेकर समितीने राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा दाखविला. प्रादेशिक अन्यायाला आकड्यांचे बळ मिळाले, ही या परंपरेची मोठी देणगी होय. गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखालील मराठवाडा जनता विकास परिषदेने याच आकड्यांच्या आधारे दीर्घकाळ लढा दिला. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा या भाषेचा संस्थात्मक आधारच नाहीसा झाला.

असे असले तरी या भाषेची मर्यादाही स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. रस्त्यांचे किलोमीटर, सिंचनाचे हेक्टर, विजेचे पंप, रुग्णालयातील खाटा, शाळाखोल्या यांची राज्याच्या सरासरीशी तुलना, हे अनुशेषाचे तंत्र. आपल्या वाट्याला काय आले नाही, एवढे ते सांगते. जे आले ते प्रदेशात कोणाकडे गेले, ते टिकले काय आणि त्यासाठी काय मोजावे लागले, हे सांगण्याची सोय त्यात नाही. सिंचनाचा अनुशेष भरून निघाला असे म्हणताना ते पाणी ज्वारी-तुरीला मिळाले की उसाला, हा प्रश्न तक्त्याबाहेर राहतो. म्हणजे वाढीची भाषा आणि अनुशेषाची भाषा या परस्परविरोधी वाटल्या तरी ‘किती आले’ याच एका प्रश्नावर दोघींचे एकमत आहे.

पाणी, ऊस आणि कोयता

लातूरच्या समृद्धीची कथा सामान्यतः तीन शब्दांत सांगितली जाते : साखर, सोयाबीन आणि शिक्षण. यांतील साखरेचा विचार अधिक विस्ताराने करणे आवश्यक आहे. १९८० च्या दशकात मांजरा नदीच्या परिसरात सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. तिने या भागात रोख पैसा आणला, पतपुरवठ्याची साखळी उभी केली, अनेक कुटुंबांतील पहिल्या पदवीधराचे शुल्क उसाच्या बिलातून भरले गेले. उसावर सरसकट टीका करणारे शहरी लेखन हे वास्तव डोळ्याआड करते. हमीने खरेदी होणारे आणि दराची किमान शाश्वती असणारे दुसरे पीक शेतकऱ्यापुढे ठेवले गेले नसेल, तर त्याने ऊस लावण्यात अविचार कोणता?

परंतु लातूर जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान ८०० मिलीमीटरच्या आसपास आहे आणि पाटाने भिजविलेल्या उसाची गरज हंगामभरात दोन हजार मिलीमीटरच्या घरात जाते. हा फरक धरणातून आणि भूगर्भातून भरून काढला जातो. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्येच तुटीच्या प्रदेशातील उसाविषयी सावध केले होते. पुढे सलग अवर्षणाची वर्षे आली. मांजरा धरण कोरडे पडले. २०१६ च्या मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचा आदेश लागू करावा लागला आणि एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. ऑगस्टपर्यंत हा क्रम चालला. शिक्षणाचे आणि व्यापाराचे केंद्र म्हणून राज्यात नावाजलेले शहर पिण्याच्या पाण्यासाठी रेल्वेच्या वेळापत्रकावर अवलंबून होते.

येथे मोजमापाचा प्रश्न अत्यंत ठळक होतो. त्या उन्हाळ्यात टँकरमालकांची उलाढाल वाढली. शेकडो फूट खोल विंधन विहिरी घेणाऱ्या यंत्रांना फुरसत नव्हती. प्लास्टिकच्या टाक्या आणि जारचे पाणी यांची विक्री झाली. हे सर्व व्यवहार उत्पन्नाच्या गणनेत मिळकत म्हणून धरले जातात. पर्यावरणीय अर्थशास्त्रात अशा खर्चाला बचावात्मक खर्च म्हणतात. पूर्वी जे सहज उपलब्ध होते ते गमावल्यानंतर त्याची भरपाई करण्यासाठी केलेला हा खर्च आहे. गमावलेल्या पाण्याची वजाबाकी मात्र कोठेच होत नाही. २०१६ च्या पावसाळ्यात धरण भरले आणि पुढील हंगामांत उसाचे क्षेत्र पुन्हा वाढले. याला शेतकऱ्यांचा विसराळूपणा म्हणणे सोपे आहे. परंतु किमतीची आणि पतपुरवठ्याची सगळी रचना तशीच राहिली असेल तर दुसरे काय घडणार होते?

या जमाखर्चातील दुसरी कोरी बाजू माणसांची आहे. ऊसतोडीच्या व्यवहारात पती-पत्नीची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून मिळणारी उचल कोयत्यावर ठरते आणि सामान्यतः पुरुषाच्या हाती पडते. दोन माणसांच्या श्रमाची नोंद एका अवजाराच्या नावाने आणि तीही एका एककात होते. हिशेबाच्या या पद्धतीत स्त्रीचे श्रम स्वतंत्रपणे दिसण्याची शक्यताच उरत नाही. बीड जिल्ह्याप्रमाणेच नांदेडमधील मुखेड-कंधार आणि लातूरमधील जळकोट-अहमदपूर या डोंगराळ, कोरडवाहू पट्ट्यांतूनही तोडीसाठी स्थलांतर होते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला आणि चौकशी समिती नेमली गेली, तेव्हा साखरेच्या पोत्यामागे शरीराचा कोणता हिशेब दडलेला आहे, हे प्रथमच सार्वजनिक झाले. एका तालुक्याची सुबत्ता आणि शेजारच्या तालुक्यातील रिकामी गावे या दोन स्वतंत्र घटना नाहीत. जिल्हानिहाय सरासरी त्या दोहोंना एकाच आकड्यात मिसळून टाकते.

सोयाबीनविषयी थोडक्यात एवढेच नोंदवावेसे वाटते की त्याने रोख पैसा दिला, पण कडबा दिला नाही. ज्वारीबरोबर वैरण गेली, वैरणीबरोबर गोठा रिता झाला आणि शेणखताचा पुरवठा आटला. देवणी आणि लाल कंधारी या गोवंशाच्या दोन मान्यताप्राप्त जातींची नावे लातूरमधील देवणी आणि नांदेडमधील कंधार या गावांवरून पडली आहेत. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा हा या जनावरांचा मोठा बाजार. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील देशी गोवंशाची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी घटल्याचे आढळले. विकलेले दूध उत्पन्नात येते. ओढकामाची शक्ती, जमिनीचा कस आणि शतकानुशतकांच्या निवडीतून सिद्ध झालेली जात यांची घट मात्र कोणत्याही जिल्ह्याच्या ताळेबंदात दिसत नाही.

घर, आरोग्य आणि प्रतिष्ठा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेले पुनर्वसन देशातील अशा मोठ्या कार्यक्रमांपैकी एक होते. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. भिंती मजबूत झाल्या, ही उपलब्धी निर्विवाद आहे. परंतु या गावांचा अभ्यास करणाऱ्यांनी वारंवार लक्ष वेधले आहे ते रुंद, सरळ रस्त्यांच्या शहरी आखणीकडे, शेतापासून वाढलेल्या अंतराकडे, जनावरांसाठी आणि अवजारांसाठी जागा नसण्याकडे आणि विस्कळीत झालेल्या शेजाराकडे. त्याहून महत्त्वाची बाब अशी की घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेच्या प्रमाणात ठरले. भूमिहीनाला सर्वांत लहान घर. जे आधी असमान होते ते पुनर्बांधणीत काँक्रीटमध्ये कायम झाले. खर्च झालेला निधी आणि बांधलेली घरे एवढेच मोजले तर हा कार्यक्रम यशस्वी ठरतो.

नांदेड शहराचा अनुभव निराळा. गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने २००८ पर्यंत जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून आणि अन्य मार्गांनी या शहरात मोठी गुंतवणूक झाली. रस्ते, पूल, घाट उभे राहिले, विमानतळाचे नूतनीकरण झाले. पंधरा वर्षांनी, २०२३ च्या ऑक्टोबरच्या प्रारंभी, याच शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांपैकी बारा नवजात अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. हिंगोली, परभणी आणि तेलंगणाच्या सीमाभागातून येथे रुग्ण येतात. परिघावरील आरोग्यव्यवस्थेचे अपयश अखेरीस या एका इमारतीत येऊन साचते. दोन घटनांचा थेट कार्यकारणसंबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. मात्र ज्या गोष्टींचे उद्घाटन करता येते त्यांना निधी लवकर मिळतो आणि परिचारिकांच्या रिक्त जागांचे उद्घाटन होत नसते, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

मानव विकास निर्देशांकाने आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांची सांगड घालून या प्रश्नाला अंशतः उत्तर दिले. महाराष्ट्राच्या २००२ आणि २०१२ या दोन्ही मानव विकास अहवालांत लातूर आणि नांदेड राज्याच्या सरासरीच्या खालीच आढळतात. तरीही पाणी, स्थलांतर आणि सामाजिक प्रतिष्ठा या निर्देशांकाला दिसत नाहीत. यांतील प्रतिष्ठेचा उल्लेख मराठवाड्यात तरी टाळता येणार नाही. १९७८ च्या जुलैमध्ये विद्यापीठ नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाल्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले. सोळा वर्षे लोक एका नावासाठी लढले आणि त्या लढ्यात कोणाचेही दरडोई उत्पन्न वाढणार नव्हते. जगण्यातील कोणती गोष्ट मौल्यवान आहे हे लोकांना ठाऊक असते, याचा याहून स्पष्ट पुरावा या प्रदेशात शोधावा लागणार नाही.

‘लातूर पॅटर्न’च्या यशाकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. ग्रामीण भागातील मुलेमुली गुणवत्ता यादीत झळकू लागली, हे या प्रयोगाचे ऐतिहासिक कार्य आहे आणि आपल्यापैकी अनेक प्राध्यापक त्याचे साक्षीदार, काही शिल्पकारही आहेत. पुढे प्रवेश परीक्षांनी बारावीच्या गुणांचे महत्त्व कमी केले आणि केंद्रस्थान महाविद्यालयाकडून शिकवणी वर्गाकडे सरकले. वसतिगृहे, खानावळी, अभ्यासिका यांची अर्थव्यवस्था उभी राहिली. पालक शेत गहाण ठेवून भरतात ते शुल्क सेवाक्षेत्राची वाढ म्हणून नोंदले जाते. ज्यांची निवड होत नाही अशा बहुसंख्य विद्यार्थ्यांचे पुढे काय होते, याची मोजणी करणारी यंत्रणा नाही.

मोजणी कोणी करावी

व्यापक समृद्धीच्या चर्चेत बहुधा नवा निर्देशांक सुचविण्याचा मोह होतो. तो येथे टाळला आहे. निर्देशांक मुंबई-पुण्यात तयार होतात आणि जिल्ह्याची क्रमवारी लावून थांबतात. आवश्यकता आहे ती गावपातळीवरील साध्या नोंदींची : उन्हाळ्यात विहिरीतील पाण्याची पातळी, प्रसूतीसाठी कापावे लागणारे अंतर, वैरणीखालील क्षेत्र, तोडीला गेलेल्या स्त्री-पुरुषांची स्वतंत्र संख्या, मध्येच शाळा सुटलेली मुले.

हे काम करू शकणारी एक यंत्रणा आपल्याकडे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची विशेष शिबिरे दत्तक गावांत भरतात आणि त्यांत सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण हा नित्याचा उपक्रम असतो. अडचण अशी की ही शिबिरे प्रामुख्याने हिवाळ्यात होतात आणि ऊसतोडीचा हंगामही तोच असतो. मुखेड, कंधार किंवा जळकोट तालुक्यातील गावात त्या आठवड्यात ज्या घरांना कुलूप असते, ती घरे सर्वेक्षणातून सहज गळतात आणि उरलेल्यांची सरासरी काढून अहवाल पूर्ण होतो. म्हणजे ज्यांच्यासाठी ही मोजणी करावयाची, तेच नेमके मोजणीबाहेर राहतात. प्रश्नावलीत कुलूपबंद घरांसाठी स्वतंत्र रकाना ठेवावा, ते कुटुंब कोणत्या जिल्ह्यात आणि किती महिन्यांसाठी गेले आहे हे शेजाऱ्यांकडून विचारून लिहावे आणि त्याच घरांची दुसरी फेरी एप्रिल-मेमध्ये, तोडणी मजूर परतल्यावर करावी. हे महिने परीक्षांचे असतात, त्यामुळे ही फेरी विद्यार्थ्यांऐवजी प्राध्यापकांनाच करावी लागेल.